मार्सेल दालियो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिल्म सोसायटीत ‘कासाब्लांका’ किंवा फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रन्वारचा एखादा चित्रपट दाखवला की दोन-चार दिवसांत निरोप यायला लागतात. ‘तो रुलेटच्या टेबलावरचा माणूस आधी कुठे पाहिलाय?’, ‘मार्क्विस झालेला नट पुढे कुठे गेला?’ माणूस एकच, आणि प्रश्नही बरेचसे तेच. आजवर एकेकाला वेगवेगळं लिहीत होतो, आता सगळं एका जागी आणलं आहे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. काही उत्तरांत गोष्टीचा शेवट उघड होतो. रन्वारचा ‘ला रेग्ल द्यु जू’ अजून पाहिला नसेल तर प्रश्न ७ ते ९ चित्रपट पाहून झाल्यावर वाचा.

१. मार्सेल दालियो म्हणजे नक्की कोण?

फ्रेंच नट. जन्म २३ नोव्हेंबर १८९९ रोजी पॅरिसमध्ये, मृत्यूही पॅरिसमध्येच, नोव्हेंबर १९८३ मध्ये. सुरुवात रंगमंचावर झाली, १९३०च्या दशकात तो चित्रपटांत आला आणि रन्वारच्या दोन चित्रपटांनी त्याचं नाव कायमचं झालं. दुसऱ्या महायुद्धात ज्यू म्हणून देश सोडावा लागला. मग हॉलिवूड, मग परत फ्रान्स, मग दोन्हीकडे येऊन-जाऊन. चित्रपट शंभराहून जास्त. त्यातल्या कितीतरी चित्रपटांत तो पाच-सात मिनिटांपुरताच आहे.

ओळखायचा कसा? ठेंगणी चण, काळे केस, दाट भुवया आणि मोठे, जड पापण्यांचे डोळे. हसताना ओठ हसतात, पण डोळे समोरच्याचा अंदाज घेत राहतात. एकदा लक्षात आला की गर्दीतही सापडतो.

२. ‘दालियो’ हे त्याचं खरं नाव का?

नाही. रोमानियातून आलेल्या ज्यू आईवडिलांच्या घरचं नाव ब्लाउशिल्ड, त्याचं नाव इस्रायल मोशे. ‘दालियो’ हे रंगमंचासाठी घेतलेलं नाव. लेहारच्या ‘मेरी विडो’ या ऑपेरेट्यात दानिलो नावाचा एक सरदार आहे, त्यावरून ते आलं असं सांगतात. बऱ्याच श्रेयनामावल्यांत नुसतं ‘दालियो’ एवढंच दिसतं. त्या काळच्या फ्रेंच नटांमध्ये ही रीतच होती, त्यामुळे हा दुसरा कुणी माणूस नव्हे.

३. चरित्र अभिनेता म्हणायचा तर तो नायक कधी झालाच नाही का?

आपल्याकडे ‘चरित्र अभिनेता’ म्हटलं की नायिकेचे वडील, इन्स्पेक्टर, गावचा सावकार असं डोळ्यांसमोर येतं. दालियोच्या वाट्याला आलेल्या भूमिका पाहिल्या तर यादी फारशी वेगळी नाही: खबऱ्या, न्यायाधीश, जुगारअड्ड्याचा माणूस, हॉटेलवाला, पाद्री, बॅरन, रब्बी (ज्यू धर्मगुरू).

तरी ‘कधीच नाही’ हे खरं नाही. पिएर शनालच्या ‘ला मेझाँ द्यु माल्तेझ’मध्ये (१९३८) तो मध्यवर्ती भूमिकेत आहे. ट्युनिशियातल्या स्फाक्स बंदरात गोष्टी सांगून पोट भरणारा मातेओ, आणि त्याची प्रेयसी झालेली व्हिव्हियान रोमान्स. आणि ‘ला रेग्ल द्यु जू’मधल्या मार्क्विसला (बड्या सरदाराला) दुय्यम भूमिका म्हणणं अवघडच आहे. त्या चित्रपटाला एक नायकच नाही, पण घर त्याचं आहे, पार्टी त्याची आहे आणि शेवटचं भाषणही त्याचंच आहे.

माझं मत विचाराल तर तो मनाने कायम चरित्र अभिनेताच होता. मोठी भूमिका मिळाली तरी तो पडदा व्यापायला धावत नाही, दुसऱ्याचं ऐकत उभा राहतो. ते ऐकणंच बघण्यासारखं असतं.

४. रंगभूमीवर त्याने काय केलं? त्याबद्दल कुठेच फार वाचायला मिळत नाही.

शिक्षण पॅरिसच्या कॉन्झर्व्हातोआर या नाट्य-संगीत शिक्षणसंस्थेत झालं. पण पहिल्या महायुद्धानंतर पोट भरलं ते रिव्ह्यू, कॅबरे आणि म्युझिक हॉलच्या रंगमंचावर. रिव्ह्यू म्हणजे नाच, गाणी, चटकदार प्रवेश, राजकारण्यांची नक्कल, सगळं एका संध्याकाळी. पुढे बुलव्हार रंगभूमी, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या रस्त्यांवरच्या नाट्यगृहांतली चुरचुरीत संवादांची व्यावसायिक नाटकं.

वाचायला कमी मिळतं कारण त्या प्रयोगांचं चित्रण नाही. पण त्या तालमीची खूण चित्रपटांत दिसते. रिव्ह्यूमध्ये नटाला दोन मिनिटं मिळतात, तेवढ्यात माणूस उभा करायचा आणि पुढच्याला जागा द्यायची. हॉलिवूडमध्ये पुढे त्याला नेमकी एवढीच वेळ मिळत गेली, आणि त्या वेळेत काय करायचं हे तो पंचवीस वर्षं आधीच शिकून आला होता.

५. सुरुवात कोणत्या चित्रपटापासून करू?

‘ला ग्रांद इल्युझियाँ’ (१९३७), मग ‘ला रेग्ल द्यु जू’ (१९३९), मग ‘कासाब्लांका’ (१९४२) पुन्हा एकदा. याच क्रमाने. ‘कासाब्लांका’ आधी पाहिला असेल तरी पहिल्या दोघांनंतर परत बघा. का, ते प्रश्न १२ मध्ये आहे.

६. ‘ला ग्रांद इल्युझियाँ’मधला रोझेनथाल एवढा का गाजला?

पहिलं महायुद्ध, जर्मन कैदेतले फ्रेंच अधिकारी. ज्याँ गाबाँचा मारेशाल कामगारवर्गातला, पिएर फ्रेनेचा बोएल्दिय्यो सरदार घराण्यातला आणि दालियोचा रोझेनथाल श्रीमंत ज्यू घराण्यातला. घरून त्याला खाण्याचे डबे येतात आणि तो ते सगळ्यांना वाटून टाकतो. फ्रेंच पडद्यावरचा ज्यू त्या काळी बहुतेक वेळा विनोदापुरता किंवा कंजूष म्हणून यायचा. इथे रन्वारने पैसेवाला ज्यू दाखवला, तो हात सैल असलेला दाखवला आणि त्याला स्वतःच्या कुळाबद्दल मोकळेपणी बोलायला लावलं.

पण भूमिका खरी उंच जाते ती पळून जातानाच्या प्रसंगात. मारेशाल आणि रोझेनथाल किल्ल्यातून निसटून दिवसचे दिवस चालताहेत, भूक आहे, थंडी आहे. रोझेनथालचा पाय मुरगळलेला आहे, तो मागे पडतो. मारेशाल भडकतो, त्याला पायातली बेडी म्हणतो, आपल्याला ज्यू कधीच आवडले नाहीत असंही बोलून जातो आणि चालू लागतो. रोझेनथाल दगडावर बसतो आणि मारेशालच्या पाठीवर जणू दगड मारावेत तसं ओरडून ‘एक होतं छोटं जहाज’ हे मुलांचं गाणं म्हणू लागतो. दूर गेलेला मारेशालही नकळत तेच गाणं म्हणतो. गाण्यात जहाजावरचं अन्न संपल्याची ओळ येते आणि त्याचा आवाज थांबतो. इकडे रोझेनथालला रडू फुटतं. तेवढ्यात चौकटीच्या कडेला मारेशालच्या कोटाचा घेर दिसतो. तो परतलाय. दोघेही त्यावर काही बोलत नाहीत, एकमेकांना धरून चालू लागतात.

या प्रसंगात गाबाँचा राग सगळ्यांच्या लक्षात राहतो. मी म्हणेन, दुसऱ्यांदा पाहताना फक्त दालियोकडे बघा. अपमान ऐकताना त्याला नवल वाटत नाही. हे कधीतरी ऐकावं लागणार हे माहीत असलेल्या माणसाचा चेहरा आहे तो.

चित्रपटाला १९३८ सालचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर नामांकन मिळालं, इंग्रजी नसलेल्या चित्रपटाला मिळालेलं पहिलंच. जर्मनीत नाझी प्रचारमंत्री गोबेल्सने चित्रपटावर बंदी घातली.

७. ‘ला रेग्ल द्यु जू’मध्ये ज्यू नटाला मार्क्विस केलं, हे तेव्हा लोकांना खटकलं का?

खटकलं, आणि जोरात. चित्रपट ७ जुलै १९३९ रोजी पॅरिसमध्ये लागला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. उजव्या वृत्तपत्रांना दालियोचा मार्क्विस द ला शेने आणि त्याच्या बायकोच्या भूमिकेतली ऑस्ट्रियन नोरा ग्रेगोर, दोघंही सहन झाले नाहीत. एक ज्यू, एक परदेशी, आणि हे म्हणे फ्रेंच उमराव!

रन्वारला नेमकं तेच हवं होतं. मार्क्विस म्हटल्यावर जो उंच, ताठ, बाकदार नाकाचा माणूस डोळ्यांपुढे येतो, त्याच्या अगदी उलट माणूस त्याने शोधला. आणि आक्षेप कोणता येणार हे त्याने चित्रपटातच लिहून ठेवलं होतं. वाड्याच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात नोकर जेवायला बसलेत. बोलता बोलता विषय निघतो की मालकाच्या आईचे वडील रोझेनथाल नावाचे होते आणि थेट फ्रँकफर्टहून आले होते. रोझेनथाल! दोन वर्षांपूर्वी दालियोने गाजवलेलं तेच आडनाव.

मग आचारी बोलतो, आणि हा माझा फार आवडता तुकडा आहे. मालक परका असेल, पण परवा त्याने मला बोलावून बटाट्याच्या सॅलडवरून झापलं, असं तो सांगतो. त्या सॅलडसाठी बटाटे उकळते गरम असतानाच त्यांच्यावर पांढरी वाइन ओतावी लागते. एकाने ती बटाटे थोडे निवल्यावर ओतली होती, आणि मालकाच्या जिभेला ते लगेच कळलं. आचाऱ्याच्या लेखी घराणं म्हणजे हे.

शेवटी वाड्याच्या पायऱ्यांवर मार्क्विस पाहुण्यांसमोर एका खुनाला ‘दुर्दैवी अपघात’ म्हणून सांगतो. पाहुण्यांतला म्हातारा जनरल म्हणतो, या ला शेनेकडे खानदानी रीत आहे, ही जात आता संपत चालली. तळघरात ज्याला परका म्हटलं त्याच्याबद्दल वर हे बोललं जातं. दालियो हे सगळं अंगावर घेऊन त्या पायऱ्यांवर उभा आहे, आवाज अजिबात न चढवता.

८. त्या यांत्रिक ऑर्गनच्या शॉटबद्दल सगळे एवढं का बोलतात?

कारण खुद्द रन्वार त्या शॉटला आपल्या सर्वोत्तम शॉटपैकी एक मानत असे.

मार्क्विसला चावीच्या खेळण्यांचा, गाणाऱ्या यांत्रिक पक्ष्यांचा, वाद्यांचा नाद आहे. पार्टीत तो आपल्या संग्रहातली सर्वात मोठी वस्तू उघडी करतो: जत्रेत असतो तसला भलामोठा ऑर्गन, पुढे हलणाऱ्या बाहुल्या, लुकलुकणारे दिवे. कॅमेरा त्या बाहुल्यांवरून सरकत सरकत मार्क्विसवर येऊन थांबतो. तो काहीच करत नाही. घामाने किंचित चमकणारा चेहरा, रुमाल, अर्धवट हसू, नजर एकदा पाहुण्यांकडे, एकदा खाली. शाळेच्या स्नेहसंमेलनात बक्षीस घेऊन व्यासपीठावर अवघडून उभ्या राहिलेल्या मुलासारखा दिसतो तो. अभिमानाने फुललाय आणि आपण फुललोय याची लाजही वाटतेय. एवढ्या इस्टेटीच्या मालकाला या क्षणी कुणीतरी ‘छान आहे’ म्हणायला हवं आहे.

शॉट काही सेकंदांचाच आहे. विद्यार्थ्यांना मी तो आवाज बंद करून परत दाखवतो. संगीत गेलं तरी चेहऱ्यातलं काही कमी होत नाही.

९. ‘ला रेग्ल द्यु जू’ मी पाहिला तो शंभर मिनिटांच्या वर होता, मित्र म्हणतो ऐंशी मिनिटांचा आहे. खरा कोणता?

दोघेही बरोबर असू शकता. प्रेक्षकांच्या संतापामुळे रन्वारने चित्रपट कापत कापत ८१ मिनिटांवर आणला. मग १९३९ मध्येच सरकारने त्याच्यावर मनोधैर्य खच्ची करणारा म्हणून बंदी घातली, आणि १९४२ मध्ये दोस्तांच्या बॉम्बहल्ल्यात मूळ निगेटिव्ह नष्ट झाली. १९५० च्या दशकाच्या शेवटी चित्रपटप्रेमींनी उरलेल्या प्रती आणि सापडलेले तुकडे जुळवून १०६ मिनिटांची आवृत्ती उभी केली. ती १९५९ मध्ये व्हेनिसला दाखवली गेली. आज बहुतेक ठिकाणी हीच मिळते आणि हीच बघावी.

म्हणजे दालियोची आयुष्यातली सर्वात मोठी भूमिका पूर्णपणे पाहायला जगाला वीस वर्षं थांबावं लागलं. ती वीस वर्षं तो काय करत होता, ते पुढच्या उत्तरांत.

१०. नाझींनी त्याचा फोटो पोस्टरवर वापरला होता, ही दंतकथा आहे की खरं?

खरं आहे. जर्मन पॅरिसमध्ये आल्यानंतर ‘ठराविक ज्यू चेहरा’ कसा असतो हे दाखवण्यासाठी त्याचं छायाचित्र पोस्टरांवर वापरलं गेलं. तोवर तो देशाबाहेर पडला होता. त्याच्या घरची माणसं मात्र मागे राहिली आणि छळछावण्यांत मारली गेली.

प्रश्न ६ आणि ७ मधल्या भूमिका मनात ठेवून हे वाचा. ज्या चेहऱ्यावर रन्वारने एकदा मैत्री आणि एकदा खानदान विश्वासाने सोपवलं, तोच चेहरा भिंतीवर माणसं पकडायला लावला. मला अजूनही ‘ला रेग्ल’ दाखवण्याआधी हे सांगायचं की नंतर, हे ठरवता येत नाही. हल्ली नंतर सांगतो.

११. तो फ्रान्समधून निसटला कसा?

जून १९४० मध्ये, जर्मन फौजा पोचण्याआधी, त्याने पत्नी मादलेन लेबोसह पॅरिस सोडलं. दोघं लिस्बनला पोचले. पोर्तुगाल तटस्थ होतं, त्यामुळे युरोपातून बाहेर पडू बघणाऱ्यांची गर्दी तिथेच साठली होती. तिथे चिलीचे व्हिसा विकत मिळाले आणि ‘क्वान्झा’ या पोर्तुगीज जहाजावर जागा मिळाली. जहाज मेक्सिकोला लागलं तेव्हा कळलं की व्हिसा बनावट आहेत. दोघं इतर बऱ्याच निर्वासितांबरोबर अडकले. शेवटी कॅनडाची तात्पुरती पारपत्रं मिळाली आणि त्यावर अमेरिकेत शिरता आलं.

‘कासाब्लांका’ची सगळी गोष्ट कशाभोवती फिरते? लिस्बनला पोचवणाऱ्या कागदपत्रांभोवती. दालियो त्या सेटवर गेला तेव्हा हे सगळं भोगून जेमतेम दोन वर्षं झाली होती.

१२. ‘कासाब्लांका’मध्ये तो आहे कुठे? मी दोनदा पाहिला, सापडला नाही.

श्रेयनामावलीत शोधू नका, तिथे त्याचं नाव नाही. नायक रिकच्या (हम्फ्री बोगार्ट) कॅफेतला क्रूपिए एमिल म्हणजे तो. क्रूपिए म्हणजे रुलेटचं टेबल चालवणारा. तीन ठिकाणी बघा.

पहिलं, एक गिऱ्हाईक वीस हजार फ्रँक जिंकलेलं आहे आणि एमिल ओशाळून रिकला ते सांगतो. दुसरं, तरुण बल्गेरियन जोडप्याचा प्रसंग. प्रवासाच्या कागदांसाठी पैसे हवेत म्हणून नवरा जुगार खेळतोय आणि हरतोय. रिक त्याला बावीसवर लावायला सांगतो. त्या वेळी एमिल मान वर करून एक क्षण रिककडे बघतो. बावीस येतो. परत लाव. परत बावीस. नंतर रिक विचारतो, आज गल्ला कसा आहे? एमिल म्हणतो, वाटलं होतं त्यापेक्षा दोन-एक हजार कमी. तिसरं, पोलीसप्रमुख कॅप्टन रेनो इथे जुगार चालतो हे बघून आपल्याला धक्का बसल्याचं जाहीर करत अड्डा बंद करतो, आणि त्याच क्षणी एमिल अदबीने त्याची जिंकलेली रक्कम त्याच्या हातात ठेवतो. जगातल्या सर्वात जास्त उद्धृत होणाऱ्या विनोदांपैकी एक त्याच्या हातून पूर्ण होतो.

बावीसच्या प्रसंगातला नवरा झालेला हेल्मुट डान्टीन ऑस्ट्रियन होता, नाझीविरोधी म्हणून कैद भोगून आलेला. टेबलाच्या या बाजूला तो, त्या बाजूला दालियो. अमेरिकन स्टुडिओतल्या नकली मोरोक्कोत कागदपत्रांचा जुगार खेळणारे हे दोघेही खरेखुरे निर्वासित.

१३. त्यात त्याची बायकोही आहे म्हणतात. कोणती?

यव्होन. रिकने टाळलेली तरुणी, जी नंतर जर्मन अधिकाऱ्याबरोबर कॅफेत येते आणि ‘मार्सेयेज’ हे फ्रान्सचं राष्ट्रगीत सुरू झाल्यावर डोळ्यांत पाणी आणून सर्वांबरोबर गाते. तीच मादलेन लेबो. जन्म १९२३चा, म्हणजे नवऱ्याहून तेवीस वर्षांनी लहान. लग्न १९३९ मध्ये झालं. तो क्लोजअप पाहताना तिचा लिस्बनचा प्रवास (प्रश्न ११) आठवला की अश्रूंबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही.

चित्रपटाचं चित्रीकरण चालू असतानाच, जून १९४२ मध्ये, दालियोने घटस्फोटासाठी अर्ज केला. दोघं एकाच चित्रपटात आहेत, पण एकत्र असा त्यांचा प्रसंग नाही. लेबो २०१६ मध्ये वारली. ‘कासाब्लांका’च्या श्रेयनामावलीत नाव असलेल्या कलाकारांपैकी ती शेवटची हयात होती. त्याची पहिली पत्नी जानी होल्त हीसुद्धा अभिनेत्रीच, रोमानियात जन्मलेली.

१४. फ्रान्समधला एवढा मोठा नट, आणि हॉलिवूडमध्ये बिननावाचा क्रूपिए. हा अन्याय नाही का?

या प्रश्नावर मी दोनदा माझं मत बदललंय.

आधी मला हा सरळ अन्यायच वाटायचा. चाळिशी उलटलेला माणूस, इंग्रजीवर फ्रेंच ढब, दिसायला नायकाचा नाही. स्टुडिओला त्याच्यात फक्त ‘फ्रेंच माणूस’ दिसला. ‘कासाब्लांका’च्या आदल्या वर्षी श्टर्नबर्गच्या ‘द शांघाय जेस्चर’मध्येही तो रुलेटचं चाकच फिरवत होता. एकाच माणसाला सलग दोन वर्षं तेच काम!

मग ‘टू हॅव अँड हॅव नॉट’ (१९४४) नीट पाहिला. मार्तिनिकमधल्या हॉटेलचा मालक, ज्याला सगळे ‘फ्रेंची’ म्हणतात, तो प्रतिकार चळवळीला मदत करायला बोगार्टला विनवतो. भूमिका तशी बेताचीच आहे. पण घाबरट माणूस धाडस करतो तेव्हा कसा दिसतो, ते त्याने नेमकं दाखवलंय. त्याच वर्षी ‘विल्सन’मध्ये तो फ्रान्सचा पंतप्रधान क्लेमांसो झाला. ज्या देशाने त्याला परका ठरवलं, त्याच्या पंतप्रधानाच्या खुर्चीत!

आता मला वाटतं की अन्याय झालाच, पण ‘वाया गेला’ म्हणणं चूक आहे. रोझेनथालसारखं काम त्याला तिथे कुणी दिलं नाही, ही खंत राहतेच.

१५. ‘कासाब्लांका’च्या मालिकेत तो कॅप्टन होता, असं वाचलं. गोंधळ आहे का?

गोंधळ नाही. १९५५ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर ‘कासाब्लांका’वरून एक मालिका झाली. तीत दालियो पोलीसप्रमुखाच्या, म्हणजे कॅप्टनच्या भूमिकेत होता. चित्रपटात ज्याच्या हातात त्याने पैसे ठेवले (प्रश्न १२), त्याच्याच जागी. मालिका थोडक्यात आटोपली.

१६. युद्धानंतर तो परत गेला का?

गेला. रने क्लेमाँच्या ‘ले मोदी’त (१९४७) पाणबुडीतून पळणाऱ्या नाझींचा दक्षिण अमेरिकेतला हस्तक झाला, ‘देदे द’आँव्हेर’मध्ये (१९४८) सिमोन सिन्योरेच्या देदेला पिळणारा मार्को. दोन्ही किळसवाण्या, भित्र्या माणसांच्या भूमिका आहेत. आधी वाटेल की याला हे कसं करवलं. मला त्यात नटाचा ताठ कणा दिसतो: भित्रेपणा त्याने जवळून पाहिला होता, आणि तो त्याने गोंडस केला नाही.

त्यानंतर अमेरिकन आणि फ्रेंच दोन्हीकडे काम चालू राहिलं. ‘जेंटलमेन प्रिफर ब्लाँड्स’मध्ये न्यायाधीश, जॉन फोर्डच्या ‘डोनोव्हन्स रीफ’मध्ये पाद्री, ‘हाउ टू स्टील अ मिलियन’मध्ये कलावस्तूंच्या मागचा सेन्योर. आठवणींचं पुस्तक १९७६ मध्ये फ्रेंचमध्ये आलं.

१७. ‘पेपे ल मोको’त तो अरब झालाय. आज बघताना हे चालवून घ्यायचं का?

१९३७ च्या त्या चित्रपटात तो ‘लार्बी’ नावाचा खबऱ्या आहे. नावच मुळात अरबांना हिणवणारा शब्द. अल्जियर्समध्ये घडणारी गोष्ट, आणि महत्त्वाच्या स्थानिक भूमिका युरोपीय नटांकडे. खटकायलाच हवं. ‘ला मेझाँ द्यु माल्तेझ’बद्दलही (प्रश्न ३) थोडंफार हेच.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. निर्मात्यांना त्याचा चेहरा ‘परका’ म्हणून हवा होता, मग तो अरब असो की माल्टाचा. रन्वारने त्याच चेहऱ्याला फ्रान्सच्या घरात मालक म्हणून बसवलं. प्रश्न ७ मधला गदारोळ त्यामुळेच झाला.

१८. रन्वारने भारतात काढलेल्या चित्रपटात दालियो आहे का?

नाही. ‘द रिव्हर’ बंगालमध्ये चित्रित झाला आणि १९५१ मध्ये आला. तरुण सत्यजित राय रन्वारला भेटले ते त्याच काळात, म्हणून आपल्याकडे रन्वारचं नाव निघालं की आधी तोच चित्रपट आठवतो. दालियो त्यात नाही.

१९. ‘कॅच-२२’मधला कुंटणखान्यातला म्हातारा तोच का?

तोच, १९७० मध्ये, सत्तरी गाठलेला. रोममधल्या कोठ्यावर बसलेला म्हातारा आर्ट गारफंकेलच्या कोवळ्या अमेरिकन लेफ्टनंटशी वाद घालतो. इटली हरली म्हणूनच टिकेल, असं त्याचं म्हणणं. पोरगा गुडघे टेकून जगण्यापेक्षा उभ्याने मरण्याची भाषा करतो. म्हातारा म्हणतो, तू उलटं ऐकलंयस, गुडघ्यांवर मरण्यापेक्षा उभ्याने जगणं बरं. दालियो हे फार हळू आणि खुशीत म्हणतो. मला त्या वेळी बनावट व्हिसा घेऊन जहाजावर चढलेला माणूस आठवतो (प्रश्न ११).

२०. ‘राबी जाकोब’मध्ये रब्बी लुई द फ्युनेस आहे ना? मग दालियो कोण?

दालियो खरा रब्बी. हा घोळ फार जणांचा होतो, आणि चित्रपटाची गंमतच त्या घोळात आहे. न्यू यॉर्कचे रब्बी जाकोब तीस वर्षांनी पॅरिसला घरच्या समारंभासाठी निघालेत. द फ्युनेस हा पूर्वग्रहांनी भरलेला कारखानदार पिव्हेर, जो पाठलागातून वाचायला रब्बीचं सोंग घेतो आणि सगळे त्यालाच जाकोब समजतात. चित्रपट ऑक्टोबर १९७३ मध्ये, अरब-इस्रायल युद्ध चालू असताना लागला आणि फ्रान्समध्ये तुफान चालला.

दालियो सुरुवातीला आणि मग अधूनमधून येतो. पांढरी दाढी, काळा अंगरखा, चेहऱ्यावर शुद्ध आनंद. फ्रान्सच्या भर बाजारात ज्यू चेहरा म्हणून पुन्हा त्याचीच छबी झळकली, या वेळी चित्रपटगृहाबाहेर, आणि तिच्याकडे बघत लोक तिकिटाच्या रांगेत उभे होते.

२१. ‘सब्रिना’ माझा लाडका चित्रपट आहे. त्यातला म्हातारा बॅरनही हाच, हे खरं का?

खरं. १९५४ चा ‘सब्रिना’, ऑड्री हेपबर्न पॅरिसच्या पाककला वर्गात आहे. सगळ्यांची सुफ्ले फुगून आलीत, तिची तशीच चपटी. ओव्हन लावायलाच ती विसरली आहे. शेजारी उभा असलेला बॅरन तिला समजावतो: प्रेमात सुखी असलेली बाई सुफ्ले जाळते, दुःखी असलेली ओव्हन पेटवायला विसरते. दालियो हे वाक्य प्रेमाने, जरा खालच्या आवाजात म्हणतो. पदार्थाकडे नजर टाकली आणि माणसाचं सगळं कळलं.

बटाट्यांवर वाइन कधी ओतली हे जिभेवर ओळखणारा मार्क्विस प्रश्न ७ मध्ये आहे.